बोटांच्या ठशांवरून मुलांचा कल: दोन जुळ्या, दोन अहवाल, सहा हजार रुपये

पाचपैकी एक तारा, तोही फाइलीच्या कव्हरला. कव्हर खरंच दणकट आहे. जाड, चकचकीत, पाणी पडलं तरी काही होत नाही. हे अनुभवानं सांगतोय, कारण फवारणीचं औषध कालवताना अर्धी बादली एकदा त्याच्यावर सांडली होती आणि आतलं एक पानही भिजलं नाही. आतली पानं भिजली असती तर बरं झालं असतं, हा भाग वेगळा.

सेवा कुठली ते आधी सांगतो. डीएमआयटी. डर्मॅटोग्लिफिक्स मल्टिपल इंटेलिजन्स टेस्ट असं लांबलचक नाव आहे. मुलाच्या दहाही बोटांचे ठसे स्कॅनरवर घ्यायचे आणि त्यावरून त्याची जन्मजात बुद्धी कोणती, किती, डावा मेंदू जास्त चालतो का उजवा, पुढं इंजिनिअर करायचं का डान्सर, हे टक्केवारीत छापून द्यायचं. केंद्र सांगलीतलं. नाव लिहीत नाही, कारण असली केंद्रं आता पायलीला पन्नास झालीत. पाटी बदलते, अहवाल तोच असतो.

मी तासगाव तालुक्यातला. अडीच एकर द्राक्षबाग आहे, थॉमसन आणि थोडी सोनाका. बीएस्सी ॲग्री केलं, पण नोकरीच्या वाटेला गेलो नाही. घरात आई, बायको आणि पाचवीतल्या दोन जुळ्या मुली. दोघींत अकरा मिनिटांचं अंतर आहे, म्हणून एक थोरली आणि एक धाकटी. नावं सांगत नाही, मोठ्या झाल्यावर शिव्या घालतील.

जुलैत मुलींच्या शाळेत पालकसभा होती. सभा संपल्यावर व्हरांड्यात टेबल, लॅपटॉप, मेंदूचं रंगीत पोस्टर आणि टाय घातलेली दोन माणसं. एका मुलाचे साडेतीन हजार. जुळ्या म्हटल्यावर दोघींचे मिळून सहा हजार. दोन जोडी चपला घेतल्यावर हजार सोडतात तसं. मी नको म्हणत होतो. बायको म्हणाली, "अहो, वर्गातल्या निम्म्यांनी केलंय. उद्या आपल्याला कळायचं राहिलं तर?" हे "राहिलं तर" फार वाईट असतं. द्राक्षातली निम्मी औषधं त्याच्यावरच खपतात.

पुढच्या रविवारी केंद्रावर गेलो. आईला दाताच्या डॉक्टरकडं न्यायचं होतं, म्हणून तीही बरोबर होती. स्कॅनर चालवणारा पोरगा बावीस-तेवीसचा, नम्र. त्याच्याबद्दल काही तक्रार नाही. ओल्या टिश्यूनं बोट पुसायचा, फडक्यानं कोरडं करायचा, काचेवर टेकवायचा. प्रत्येक बोट तीनदा: सरळ, डावीकडं कलतं, उजवीकडं कलतं. दोघींचे मिळून साठ ठसे. थोरली फोटो काढायला बसल्यासारखी ताठ बसली. धाकटीला गुदगुल्या होत होत्या, तिच्या डाव्या करंगळीसाठी चार खेपा झाल्या.

आई शेजारी बसून बघत होती. तिनं धाकटीचा हात ओढून घेतला, उजेडात धरला आणि मोजायला लागली. "हिला तीन चक्रं. थोरलीला सहा. दहा असली की राजा होतो म्हणायची माझी आई." पोरगा हसला. म्हणाला, "आजी, ती अंधश्रद्धा. हे सायन्स आहे."

मी गमतीनं म्हटलं, घे की मग आज्जीचंही. त्यानं आईचं बोट काचेवर ठेवलं. मशीननं काही घेतलं नाही. पुसलं, दाबलं, दुसरं बोट, तिसरं बोट. पडद्यावर नुसती पांढुरकी झाक. मला त्याचं नवल वाटलं नाही. रेशन दुकानात आईचा थंब लागत नाही याला आता चार-पाच वर्षं झाली. पन्नास वर्षं भांगलण, ज्वारीची काढणी, द्राक्षाची विरळणी, बेदाण्याच्या पाण्यात घातलेले हात. बोटांच्या रेघा झिजून काचेसारख्या झाल्यात. जगातलं पहिलं ठसे कार्यालय 1897 साली आपल्याच देशात, कलकत्त्यात सुरू झालं, आणि माझ्या आईला पाच किलो तांदळासाठी अजून अंगठा तीन-तीनदा चोळावा लागतो. पोरगा ओशाळून म्हणाला, "आजींचा डेटा येत नाहीये." जात्यावरच्या ओव्या म्हणायला बसली तर पहाटेपासून उन्हं वर येईपर्यंत तिची ओवी परत येत नाही. पण डेटा येत नाही.

बारा दिवसांनी अहवाल आले. प्रत्येकी बेचाळीस पानं, रंगीत. इंग्रजीत, आणि खाली मराठी भाषांतर, तेही मशीननं केलेलं असावं, कारण दोन्ही मुलींच्या अहवालात पान 17 वर असं आहे: "तो एक उत्तम नेता आहे. त्याला निर्णय घेणे आवडते." दोघींनाही हेच, अक्षरन् अक्षर. दोघी नेत्या म्हटल्यावर घरात अनुयायी मी एकटा.

फरक पुढं होता. थोरलीचा डावा मेंदू 56 टक्के, गणिती-तार्किक बुद्धी 15.8 टक्के, आठ प्रकारांत पहिली. पुढं इंजिनिअर, चार्टर्ड अकाउंटंट, न्यायाधीश. धाकटीचा उजवा मेंदू 57 टक्के, गणिती-तार्किक 8.3, आठांत शेवटची. पुढं नृत्य, इंटिरियर डिझाइन, एअर होस्टेस. आणि चौकटीत एक सूचना: पालकांनी गणिताचा अतिरिक्त ताण देऊ नये. दशांश चिन्हाच्या पुढं आकडा दिसला की माणूस निम्मा शरण जातो. माती परीक्षणाच्या कागदावर इतकी खात्री कधी बघितली नाही, आणि तिथं निदान माती तरी नेलेली असते.

समुपदेशन चाळीस मिनिटांचं, एका मॅडमकडं. त्यांनी सुरुवात गोष्टीनं केली. अमेरिकेत ओहायोत दोन जुळे भाऊ होते, महिन्याचे असताना वेगवेगळ्या घरांत दत्तक गेले. दोन्ही घरांनी नाव ठेवलं जिम. 1979 साली, एकोणचाळिसाव्या वर्षी भेटले. बघतात तर दोघांची पहिली बायको लिंडा, दुसरी बेटी, लहानपणीच्या कुत्र्याचं नाव टॉय. "म्हणजे बघा सर, सगळं जन्मजात असतं."

गोष्ट खरी आहे. त्या दोन जिममुळंच मिनेसोटा विद्यापीठातल्या थॉमस बूशार्ड यांनी वेगळ्या वाढलेल्या जुळ्यांचा मोठा अभ्यास सुरू केला, आणि बुद्ध्यंकात, स्वभावात अशी जुळी एकमेकांच्या बरीच जवळ येतात हे त्यात दिसलं. (लिंडा हे बायकोचं नाव जनुकात नसतं. त्या पिढीत तिथं ते घरोघरी होतं, आमच्याकडं सुनीता होतं तसं.) पण मॅडमनी ही गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगायला पाहिजे होती.

मी म्हटलं, "मॅडम, माझ्या मुली एका वारेच्या आहेत."

त्यांना कळलं नाही. मी सांगितलं. बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीतच डॉक्टरांनी दाखवलं होतं, वार, म्हणजे प्लॅसेंटा, एकच आहे, म्हणजे एकाच अंड्याचे दोन भाग झालेत. दोघींची जनुकं सारखी.

"अरे वा, आयडेंटिकल!"

"मग जन्मजात बुद्धी सारखी असणार."

"ऑफ कोर्स सर."

"मग एकीचं गणित पहिलं आणि दुसरीचं आठवं कसं आलं?"

मॅडम पाणी प्यायल्या. दोन्ही फाइली शेजारी ठेवून पानं उलटली. मग म्हणाल्या, "सर, प्रत्येक मूल युनिक असतं."

वाक्य बरोबर आहे. पण त्याला सहा हजार लागत नाहीत.

इथून पुढं परीक्षण थोडं लांबणार आहे, ज्यांना फक्त "करावं की करू नये" एवढंच पाहिजे त्यांनी "करू नये" एवढं वाचून पुढं जावं. त्या रात्री रात्रपाळीची लाईट होती. मोटर चालू करून बांधावर बसलो आणि मोबाईलवर वाचत राहिलो, पुढचे दोन-तीन आठवडे हेच चाललं होतं. कॉलेजात आनुवंशशास्त्राचा पेपर होता, पण तेव्हा तो पास होण्यापुरता होता.

एकाच अंड्यातल्या जुळ्यांचे ठसे सारखे नसतात, ही गोष्ट पोलीस खात्यातल्या कुणालाही माहीत असते. गर्भाच्या दहाव्या आठवड्याच्या आसपास बोटाच्या टोकाला फुगवटा असतो आणि त्यावर रेघा उमटायला लागतात. सतरा-अठरा आठवड्यांपर्यंत त्यांची मांडणी ठरून जाते, ती जन्मभर. फुगवटा उंच असेल तर चक्र, सपाट असेल तर कमान, मधला-कललेला असेल तर शंख, असं साधारण. 2023 साली एडिनबरातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की रेघा बोटावर तीन ठिकाणांहून लाटेसारख्या पसरतात आणि एकमेकींना भेटतात. कुठली लाट आधी निघाली, फुगवटा केवढा होता, यावर नक्षी ठरते. फुगवट्याची उंची, बोटाची वाढ यात आनुवंशिकतेचा मोठा हात आहे, म्हणून जुळ्यांच्या एकूण रेघांची संख्या जवळपास येते. पण कुठं रेघेला फाटा फुटला, कुठं ती थांबली, हे त्या त्या बोटावर त्या त्या आठवड्यात काय घडलं त्यावर. ही नक्षी ठरवणारी जनुकंही बघितली गेली आहेत. 2022 साली त्यांचा मोठा अभ्यास आला, आणि ती निघाली हातपाय घडवणारी जनुकं.

केंद्राचा युक्तिवाद असा की मेंदू आणि ठसे गर्भात एकाच काळात तयार होतात, म्हणून ठसे हा मेंदूचा आरसा. त्याच आठवड्यांत नखंही यायला लागतात. नखांवरून कुणी सीए होईल का सांगत नाही अजून. (कुणी वाचत असेल तर कृपया सुरू करू नये.)

माझ्या मुली जन्मल्या तेव्हा थोरली 2.2 किलोची होती, धाकटी 1.7. एकाच पोटात, एकाच वारेवर, पाचशे ग्रॅमचा फरक. वार एक असली तरी दोघींच्या वाट्याला तिचा सारखा भाग येत नाही, नाळ कुणाची मधोमध लागते, कुणाची कडेला. म्हणजे पोट हे पहिलं रान, आणि त्या रानातही बांधाकडच्या ओळीला पाणी कमीच पोचतं. त्या दोघींच्या बोटांतला फरक हा बहुतेक अशाच गोष्टींचा, पोटातल्या परिस्थितीचा. केंद्र त्याच फरकाला "जन्मजात जनुकीय क्षमता" म्हणून विकतंय. जे खरं तर आनुवंशिक नाही, नेमकं तेच आनुवंशिक म्हणून.

शास्त्राचा शब्द मात्र खरा वापरलाय. डर्मॅटोग्लिफिक्स हा शब्द हॅरोल्ड कमिन्स या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानं 1926 साली दिला, आणि डाउन सिंड्रोमच्या मुलांत तळहाताच्या रेषा बऱ्याचदा वेगळ्या असतात हे त्याचं काम आजही मानलं जातं. मल्टिपल इंटेलिजन्सची कल्पना हॉवर्ड गार्डनर यांची, 1983 सालची. त्यात ठशांचा संबंध कुठंही नाही. दोन चांगल्या घरांतल्या विटा उचलून मध्ये तिसऱ्याच माणसानं दुकान बांधलंय. 2019 साली इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीनं, म्हणजे देशातल्या मानसोपचार डॉक्टरांच्या संघटनेनं, या चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं जाहीरच केलंय. हे मला सहा हजार दिल्यावर कळलं.

आणि सगळ्यात मजा गाल्टनची. फ्रान्सिस गाल्टन, डार्विनचा नातेवाईक. जुळ्यांकडं बघून रक्ताचा वाटा किती आणि संगोपनाचा किती हे शोधता येईल, ही कल्पना त्यानं 1875 साली मांडली. माणूस इतका रक्तवादी की निवडक माणसांची पैदास करावी इथपर्यंत गेला, आणि त्या विचारानं पुढं जगात काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. ठशांवर शास्त्रीय पुस्तक लिहिलं तेही त्यानंच, 1892 साली. ठशांवरून वंश ओळखता येईल, स्वभाव ओळखता येईल अशी त्याची फार आशा होती. मोजमापं घेतली. काही निघालं नाही. आणि त्यानं तसं कबूल करून ठेवलं, की माझी अपेक्षा खोटी ठरली. सगळं रक्तातच असतं म्हणणाऱ्या माणसाला जे सव्वाशे वर्षांपूर्वी ठशांत सापडलं नाही, ते आमच्या व्हरांड्यातल्या टेबलावर दशांशात निघालं.

एवढं वाचून माझंही डोकं एका बाजूला कललं होतं. वाटायला लागलं, रक्तबिक्त काही नसतं, सगळं वाढवण्यावर. पण बागेत काम करणाऱ्याला असं म्हणता येत नाही. थॉमसनच्या काडीला कितीही खत घाला, ती काळी द्राक्षं देणार नाही. आणि कधी कधी काडीच बदलते: सोनाका, माणिक चमन, तास-ए-गणेश ही सगळी थॉमसनमधूनच निवडलेली, कुणाच्या तरी बागेत एक वेल वेगळा दिसला आणि शेतकऱ्यानं तो ओळखला. तास-ए-गणेश तर आमच्याच तालुक्यातलं. सोनाकाचे मणी काही खतानं लांब झाले नव्हते.

2015 साली जगभरातल्या जुळ्यांच्या पन्नासेक वर्षांच्या अभ्यासांची बेरीज करून एक आकडा काढला गेला. सव्वा कोटीहून जास्त जोड्या, सतरा हजारांहून जास्त गुणधर्म. सरासरी निघाली 49 टक्के आनुवंशिक. हा आकडा मॅडमच्या पोस्टरवरही होता, "49 टक्के जन्मजात" असा. सगळा घोळ इथंच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझ्या थॉमसनच्या बागेत खाली मुळांसाठी डॉगरिजचा खुंट, वर कलम थॉमसनचं, सगळ्या काड्या एकाच बागेतून आणलेल्या. म्हणजे ओळ न् ओळ जुळ्या बहिणी. तरी विहिरीकडच्या ओळीत घड अर्ध्या किलोचा आणि वरच्या मुरमाड तुकड्यात तीनशे ग्रॅमचा. आता विचारा, या थॉमसनमध्ये घडाच्या वजनातला किती फरक आनुवंशिक? शून्य टक्के. सगळा फरक पाण्याचा आणि मुरमाचा. म्हणून काय वजनाशी वाणाचा संबंध नाही? आहेच की, थॉमसन लावलं म्हणून थॉमसनएवढा घड आला. उलट, एखाद्यानं सपाट काळ्या रानात, एकाच ठिबकवर दहा वेगवेगळे वाण लावले, तर त्याच्या बागेतला जवळजवळ सगळा फरक आनुवंशिक निघेल. वाण तेच, द्राक्षं तीच. टक्केवारी रानागणिक बदलली. तो आकडा माणसामाणसांतल्या फरकाचा असतो, एका कळपाचा, एका काळाचा. एका पोरीच्या डोक्यात 49 टक्के आजोबा आणि 51 टक्के शाळा असं काही भरलेलं नसतं.

माणसांतही असंच दिसलंय. एरिक टर्कहायमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली अमेरिकेतल्या सात वर्षांच्या जुळ्यांचा अभ्यास मांडला. सुखवस्तू घरांतल्या मुलांच्या बुद्ध्यंकातला फरक बराचसा आनुवंशिक निघाला, गरीब घरांत मात्र आनुवंशिक वाटा जवळजवळ दिसेनासा झाला. हे वाचल्यावर मी मोटरच्या खोक्यावर टेकून हसलो, कारण हे आमच्याकडं कुणीही सांगेल. ज्या साली टँकरनं बाग जगवली, त्या साली सोनाका काय आणि थॉमसन काय, सगळ्यांचे मणी हरभऱ्याएवढे. वाणाचा फरक दिसायला आधी पाणी लागतं.

आता मूळ तक्रार. पैसे गेले त्याचं एवढं नाही. एका फवारणीला त्याहून जास्त जातात.

बायकोनं समजूतदारपणे अहवाल कपाटात ठेवले होते, पण पोरींना कपाट माहीत असतं. ऑगस्टच्या शेवटी धाकटीच्या वहीत गणितं अर्धी सोडलेली दिसायला लागली. अपूर्णांक चालू होते. बाईंनी शेरा दिला, "प्रयत्न करत नाही." मी घेऊन बसलो. तीन चतुर्थांश आणि एक द्वितीयांश यांत मोठं कोण. तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि अगदी शांतपणे, जेवण नको म्हणावं तसं म्हणाली, "पप्पा, माझ्या बोटात गणित नाही."

आणि थोरली? तिचं बरं असेल असं वाटलं होतं. तिचं 15.8 होतं ना. ती चुकली की रडायला लागली. आधी खोडून परत करायची, आता पानच फाडायची. चाचणीत वीसपैकी तेरा पडले तर दोन दिवस वही दाखवली नाही. दोघींचं रक्त तेच, घर तेच, शाळा तीच, ताटातली भाकरी तीच. दोघींत नवीन आली ती एकच गोष्ट, बेचाळीस पानांची. मोजायला गेलेल्या यंत्रानं जे मोजायचं होतं तेच बदलून टाकलं.

आम्ही फार काही केलं नाही. फाइली शेडवर नेऊन टाकल्या. आईनं दोघींना समोर बसवून आपली बोटं दाखवली आणि म्हणाली, "माझी बोटं कोरी हायेत, मग मी बिनडोक का गं?" धाकटी त्यावर हसली, थोरली विचारात पडली. एवढंच.

मग मार्च आला. यंदा दर पडले म्हणून अर्धा माल बेदाण्याला घातला. शेडवर घड बुडवायचं पाणी करायचं असतं, एका लिटरला पोटॅशियम कार्बोनेट 25 ग्रॅम आणि डिपिंग ऑइल 15 मिली. टाकी शंभर लिटरची. मी फोनवर होतो. कामावरची बाई पावडरीचं पोतं उघडून विचारत होती, किती टाकू. धाकटी टाकीच्या काठावर बसून पाय हलवत होती. म्हणाली, "अडीच किलो. आणि तेल दीड लिटर." बाईनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मग दुपारभर ते सुरू झालं: चार किलो द्राक्षाचा साधारण एक किलो बेदाणा, तर या जाळीवर किती, या रॅकवर किती, तिसरा हिस्सा काढला तर उरले किती. अपूर्णांक म्हणून नाही, बेदाणा म्हणून. थोरली वहीत लिहीत होती आणि धाकटी तोंडानं सांगत होती, आणि दोनदा थोरलीचंच चुकलं आणि तिनं रडत खोडलं नाही, नुसतं खोडलं.

ती आता गणितात पहिली आली वगैरे काही नाही. वार्षिकला धाकटीला शंभरात 61, थोरलीला 68. सहामाहीला 44 आणि 70 होते. ज्याला त्यातून काय काढायचं ते काढावं, मी दोन पोरींवरून सिद्धांत काढणार नाही. ते काम केंद्राचं.

पैसे परत मागितले. तीन फोन केले. पावतीच्या मागं बारीक अक्षरात आहे, समुपदेशन झाल्यावर रक्कम परत मिळणार नाही. तिसऱ्या फोनवर मॅनेजरनं सवलत म्हणून "फ्री री-स्कॅन" देऊ केलं. मी विचारलं, ठसे तर जन्मभर बदलत नाहीत असं तुमच्याच पान 3 वर आहे, मग परत काढून काय वेगळं येणार? त्यांनी सांगितलं, वरिष्ठांशी बोलून कळवतो. त्याला सात महिने झाले.

ज्यांना खरंच मुलाची काळजी आहे त्यांच्यासाठी: आधी डोळे तपासा, कान तपासा, आणि मागच्या बाकावरून फळा दिसतो का ते बघा. तरी अडचण वाटली तर मानसशास्त्र शिकलेल्या, मुलाशी तासभर बोलून चाचण्या घेणाऱ्या माणसाकडं जा. जो मुलाशी न बोलता फक्त त्याची बोटं बघतो त्याच्याकडं जाऊ नका. आणि घरात जुळी असतील तर दोघांनाही न्या आणि मी विचारलेला प्रश्न पैसे द्यायच्या आधी विचारा.

हे सगळं मी माझ्या मेहुण्याला फोनवर सांगितलं होतं, अर्धा तास. गेल्या महिन्यात तो मुलाला घेऊन तिथंच जाऊन आला. "अहो दाजी, तुमचं जुळ्यांचं होतं, आमचा एकटा आहे." काल फाइल दाखवायला आला होता. मी सरळ पान 17 काढलं. तो एक उत्तम नेता आहे, त्याला निर्णय घेणे आवडते. या वेळी निदान मुलगा होता, व्याकरण बरोबर बसलं.